अठ्ठेचाळिसावी चूक

मी टीव्ही करमणुकीसाठी घेतला नाही, हे आधीच लिहून ठेवतो. गावात याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही माझ्या विरुद्ध आहेत.

सत्त्याऐंशी साली दर रविवारी सकाळी दहा वाजता एक ऐतिहासिक मालिका लागत असे. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका लहानशा संस्थानाच्या विधवा राणीची गोष्ट. संस्थानाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. त्याच्या वंशजांशी पत्रव्यवहार करायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. आमचं गाव सिहोऱ्याहून बपेऱ्याकडे जाताना मध्ये लागतं, आणि तेव्हा गावात टीव्ही नव्हता. त्यामुळे त्या राणीशी आमचा संबंध माझ्या आठवीच्या तासापुरता, म्हणजे वर्षातून एकदा पंधरा मिनिटं, इतकाच होता. बावीस वर्षं मी इतिहास शिकवत होतो. राणीची कधी तक्रार आली नाही.

मग माझी पत्नी सुमन तुमसरला बहिणीकडे गेली आणि मालिकेचा एक भाग पाहून आली. परतल्यावर तिनं हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"राणीचा नवरा मेला," ती म्हणाली. "आणि तिचा सावत्र भासरा राज्याचा शिक्का घेऊन बसला. तिले म्हणते, तू पडद्यामागं राहा, कारभार मी पाहतो. अगदी आपल्या चंद्रकलेसारखं झालं हो तिचं."

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. मी सुमनला शांतपणे सांगितलं, की त्या राजाला सावत्र भाऊ असल्याचा एकही पुरावा नाही, आणि आपल्या शेजारच्या चंद्रकलेचा अठराव्या शतकाशी काही संबंध नाही.

"पुरावा नसंल," ती म्हणाली, "पण तो बोलत कसा होता ते तुमी पाहाले पायजे होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सरकारी माध्यमातून चुकीचा इतिहास घरोघरी जातो आहे आणि आपण खाटेवर पडून आहोत, ही जाणीव फार वाईट. सकाळी उठून मी निर्णय घेतला. टीव्ही घ्यायचा, मालिका बघायची, प्रत्येक चूक तारीखवार टिपायची आणि यादी दिल्लीला पाठवायची. दोनशे पानी वही त्याच दिवशी आणली. टीव्ही यायला तीन आठवडे लागले.

टीव्ही तुमसरहून बसनं आला. माझ्या मांडीवर बसून आला. मागून आलेल्या भैय्यालाल मेकॅनिकनं अँटेना काढला आणि विचारलं, नागपूर कोणत्या बाजूला आहे. हा प्रश्न त्यानं मला एकट्याला विचारायला हवा होता. अंगणात तेव्हा चौदा माणसं होती.

किराणा दुकानदार गोपीचंद म्हणाला, बस जिकडं जाते तिकडं नागपूर. मी म्हटलं, बस आधी तुमसरला जाते. तो म्हणाला, "मंग आधी तुमसर पकडा ना जी, तिथून नागपूर पुढं दिसनच." मी शाळेतून नकाशा आणला. नकाशात आमचं गाव नव्हतं. मग होकायंत्र आणलं आणि ते ज्या लोखंडी पेटीवर ठेवलं, त्या पेटीकडेच उत्तर दिशा निघाली. शेवटी समोरच्या घरातल्या शकुनबाई, वय पंचाहत्तर, उठल्या. त्यांची लेक नागपूरला दिली होती. तिला बोळवताना आपण कुठं तोंड करून रडलो ते त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी त्या बाजूला हात केला. भैय्यालालनं तिकडं अँटेना फिरवला आणि पडद्यावरच्या मुंग्यांमध्ये एक माणूस दिसू लागला. पदवीधर माणसाला असे प्रसंग गिळावे लागतात.

पण चित्र सगळ्या अंगणात एकाच कोपऱ्यात येत होतं. दोन बांबू एकावर एक बांधून पस्तीस फुटांचा खांब उभा केला, तर फक्त त्या कोपऱ्यात राणीचं नाक सरळ दिसे. आणि तो कोपरा केशवरावांच्या भिंतीला लागून होता.

केशवराव आमचे शेजारी आणि गावच्या तलाव कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अशी, की दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, रात्रभर नाटक होतं, तेव्हा ते पहिल्या रांगेत बसतात. आमच्याकडे नाटक मुकाट्यानं बघायची पद्धत नाही. नटाशी बोलतात, खलनायकाला सुनावतात. एखादं बोलणं पसंत पडलं, की केशवराव हातातली काठी वर करतात आणि म्हणतात, "मंजूर." मग नटानं त्या बोलण्यात जे मागितलं असेल ते त्याला द्यायचं. एकदा भिकाऱ्याचं सोंग घेतलेल्या नटानं थंडीचं रडगाणं गायलं आणि ह्यांच्या तोंडून मंजूर निघून गेलं. अंगावरची नवी कोरी शाल द्यावी लागली. तो महिना ते शेकोटीपाशी काढत होते, पण शब्द मागं घेतला नाही. केशवरावांचं मंजूर मागं येत नाही, असं गावात म्हणतातच.

दुसरी गोष्ट चंद्रकलेची. ती केशवरावांच्या धाकट्या भावाची, इश्वरची बायको. इश्वर पौषात वारला. तिच्या वाट्याला तलावाखालच्या दोन बांध्या होत्या, म्हणजे धानाची खाचरं. ती केशवरावांच्याच घरी मागच्या खोलीत राहत होती आणि रीतीप्रमाणे भासऱ्यापुढं तोंड उघडत नव्हती.

तर, खांबासाठी ग्रामसेवकानं ग्रामपंचायतीची परवानगी मागितली. बांबूसाठी नमुना नव्हता, म्हणून विहिरीचा नमुना भरून घेतला. 'खोली' या रकान्यात मी 'उंची पस्तीस फूट' असं लिहिलं. खाली अट होती, शेजाऱ्याची नाहरकत जोडावी. बांबू पडलाच तर केशवरावांच्या छपराच्या कवेलूंवर पडला असता.

मी अर्ज घेऊन जायच्या आधीच केशवराव सही करून कागद घेऊन आले. खाटेवर बसले. चहा घेतला.

"मास्तर," ते म्हणाले, "पाळीचं रजिस्टर तुमच्याकडंच हाये न?"

होतं. तलावाचं पाणी कोणाला कधी मिळायचं त्या पाळ्यांचं रजिस्टर माझ्याकडे होतं, कारण गावात अक्षर माझं चांगलं. आमची पद्धत अशी: रविवारी दुपारी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, सगळे शेतकरी जमतात. मी नावं पुकारतो. ज्याचं नाव येईल त्यानं उठून 'हजर' म्हणायचं. तीनदा पुकारून कोणी उठलं नाही, तर ती पाळी पुढच्याला. त्या दिवशी पारीवर बाया येत नाहीत. असं कुठं लिहिलेलं नाही. पण येत नाहीत.

"इश्वरचं नाव काढून माझं टाकून द्या," केशवराव म्हणाले. "तिले काही पारीवर येता येत नाही. पाळी वाया जाते. एकच घर हाये, मीच देईन तिच्या बांधीले पाणी."

नाहरकत त्यांनी अजून हातातच धरली होती. मी रजिस्टर आणलं. इश्वरच्या नावावर पट्टी ठेवून लाल शाईनं सरळ रेघ मारली, वर सुवाच्य अक्षरात केशवराव असं लिहिलं आणि बाजूला सही केली. कागद माझ्या हातात आला. मी स्वतःला सांगितलं, की हे निव्वळ लेखनिकाचं काम आहे. इतिहासात अशा कित्येक लेखनिकांची नावंही कोणाला ठाऊक नाहीत. तेव्हा मला त्याचा आधार वाटला होता.

पहिल्या रविवारी अंगणात साठ माणसं आली. दुसऱ्या रविवारी मी मोजायचं सोडलं. मी खुर्ची घेऊन, वही उघडून, पडद्याजवळ बसलो होतो, म्हणजे चूक आली की लगेच थांबवून सांगता यावं. पण टीव्ही थांबत नाही ही अडचण माझ्या लक्षात आली नव्हती. आणि गावानं टीव्हीचं नाटकच करून टाकलं. लढाई संपली की 'वन्स मोअर' देत. ती पुन्हा होत नसे, तर माझ्याकडे बघत. राणीचा भासरा आला, की शकुनबाई पडद्याला सांगत, "तुले मायबहीण नाई का गा?" तो उत्तर न देता निघून जाई, त्याचाही त्यांना राग.

शकुनबाई दर रविवारी राणीसाठी एक नारळ आणून टीव्हीवर ठेवत.

"आजी, राणी विधवा हाये," गोपीचंद म्हणाला. "तिची ओटी कशी भरसान?"

"राणी हाये ती," शकुनबाई म्हणाल्या. "तिले कोण इचारते?" आणि मालिका संपल्यावर नारळ परत घरी नेत.

सगळ्यात मोठे भक्त केशवरावच. त्यांची खुर्ची बरोबर पडद्यासमोर असे. भासऱ्यानं राणीच्या हातून शिक्का हिसकावून घेतला त्या रविवारी त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "काय जालीम माणूस हाये," ते म्हणाले. "बिना धन्याची बाई पाहून दाबून राहिला." अंगणात सगळे जमिनीकडे बघत होते. मागं बायांमध्ये चंद्रकला बसली होती, डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढून.

मी वहीत लिहीत होतो. तोफ पन्नास वर्षांनंतरची. दरबारात लोखंडी खुर्ची. एका शिपायाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा. तेराव्या भागापर्यंत सत्तेचाळीस चुका झाल्या. मी त्या मालिका संपल्यावर मोठ्यानं वाचून दाखवत असे. एकदा मी म्हणालो, "लोकहो, ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची आहे. तुम्ही तर काल आपल्या गल्लीत झाल्यासारखे भांडता. तो काळ वेगळा होता."

तुलाराम तिथं होता. तो तलावाचा पाणकर, म्हणजे पाळीनुसार पाणी सोडणारा. बोलायला अगदी कमी. तो म्हणाला, "गुरुजी, घड्याळ तुमालेच दिसलं. आमाले भासरा दिसला. तो तर काही बदलला नाई जी."

मी त्याला काळाचे टप्पे समजावून सांगणार होतो. पण तो उठून गेला.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. हस्त कोरडा गेला. धान निसवायला आलं होतं, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात होती. तेव्हा पाणी मिळालं नाही तर लोंब्या पांढऱ्या निघतात, आत दाणा नसतो. तलावात पाणी थोडं. कमिटीनं ठरवलं, एकच फेरी, मग तलाव बंद. ती फेरी पुढच्या रविवारी पारीवर पुकारायची होती.

गुरुवारी चंद्रकला सुमनकडे आली. मी पडवीत पेपर तपासत होतो. ती दाराआडून बोलली.

"गुरुजी, माझ्या बांध्याईले भेगा पडून राहिल्या. मागच्या दोन पाळ्याईचं पाणी त्यायच्याच बांधीत गेलं. माझ्याकडं आलंच नाई. एक फेरी भेटली तर धान वाचन. नाई तर माहेरी जाऊन बसा लागन."

"कमिटीला सांगायला हवं," मी म्हटलं. "मी फक्त लिहितो."

"रजिस्टर तुमीच लिहिता न जी?"

मी तिला लिहिणं आणि ठरवणं यातला फरक समजावला. फार व्यवस्थित समजावला, उदाहरण देऊन. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गेली. सुमननं त्या दिवशी ताट वाढलं, पण लिंबू दिलं नाही. आमच्या घरात याचा अर्थ फार गंभीर असतो. मला लाज वाटत होती. पण ती वहीत टिपायची सोय नव्हती.

रविवारी चौदावा भाग. पडद्यावर राणी पहिल्यांदाच पडद्याबाहेर आली. भरल्या दरबारात उभी राहिली आणि म्हणाली, माझा शिक्का परत द्या. भासरा सिंहासनाशेजारून उठला. त्यानं विचारलं, दरबारात उभं राहायचा बाईमाणसाला हक्क काय? राणीनं मान वर केली. कॅमेरा जवळ गेला. तिनं तोंड उघडलं.

आणि लाइट गेली.

आमच्याकडे लाइट जाते तेव्हा ओरडायची पद्धत आहे. त्या दिवशी कोणी ओरडलं नाही. सगळं अंगण काळ्या काचेकडे बघत बसलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग एकेक मान माझ्याकडे वळली.

"गुरुजी," गोपीचंद म्हणाला, "तुमाले तर इतिहास माहीत हाये. काय म्हणाली राणी?"

आयुष्यात पहिल्यांदा गाव मला इतिहास विचारत होतं. मी घरात जाऊन आठवीचं पुस्तक आणलं आणि उभं राहून वाचलं: "पतीच्या निधनानंतर राणीने राज्यकारभार आपल्या हाती घेतला. तिने अनेक तलाव व घाट बांधले. प्रजा सुखी होती."

"ते झालं. पण म्हणाली काय?"

"ते पुस्तकात नाही."

"मंग बावीस वर्ष तुमी काय शिकवून राहिले?" हे शकुनबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी पुस्तक मिटलं.

केशवराव सगळ्यांत अस्वस्थ होते. काठी जमिनीवर टेकवून पुढं वाकले होते. "काहीतरी म्हणाली असंल न जी," ते म्हणाले. "अशी उभी राहिली म्हणजे उगाच नाई राहिली. शिक्का का कोणी फुकट देते? कोणी तरी सांगा, काय म्हणावं तिनं."

"राणी म्हणाली असंल," मागून आवाज आला.

चंद्रकला उठून उभी होती. केशवरावांकडे तिनं पाहिलं नाही, पदरही वर केला नाही. ती काळ्या पडद्याकडे बघत होती. मी पडद्याच्या बाजूलाच बसलो होतो, म्हणून मला दिसलं, की त्या काचेत पहिल्या खुर्चीवरचे केशवराव स्वच्छ दिसत होते.

"राणी म्हणाली असंल, का भासरेबुवा, तुमी मोठे आहा. तुमच्यापुढं आजवर माझा आवाज निंघाला नाई. पण माझा धनी गेला, त्याची बांधी नाई गेली. तिच्यात धान उभं हाये. पोटात लोंबी धरून पाणी मागून राहिलं. माझ्या कपाळाले कुंकू हाये का नाई, त्याले काय माहीत? तुमी त्याचं पाणी घेतलं आणि म्हटलं, मी देईन. नाई देलं. मले तुमचं राज नको. माझ्या धन्याचं नाव पुकारलं का मले 'हजर' म्हणू द्या. बस."

त्या राणीच्या मुलखात धान पिकत नव्हतं. तिकडे बाजरी. माझी पेन्सिल आपोआप वहीकडे गेली. मी ती खाली ठेवली.

केशवरावांची काठी वर गेली. "मंजूर," ते म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तोंडातून शब्द निघाला तेव्हा त्यांच्या मनात राणीच होती, अशी माझी खात्री आहे. चाळीस वर्षांची सवय, चांगलं बोलणं ऐकलं की हात वर. मग काठी वरच राहिली. त्यांनी हळूहळू मागं वळून पाहिलं, कोण बोललं ते. कोणी हसलं नाही.

शकुनबाई उठल्या. टीव्हीवरचा नारळ उचलला आणि मागं जाऊन चंद्रकलेच्या हातात ठेवला. गोपीचंदनं या वेळी काही विचारलं नाही.

बारा वाजले. आम्ही सगळे पारीवर गेलो. रजिस्टर माझ्या बगलेत होतं आणि मी सगळ्यांच्या मागं चालत होतो. कारण मंजूर म्हटलं ते नाटकातलं होतं की खरं, हे ठरवणारा गावात कोणी नव्हता. आणि पाळी शेवटी रजिस्टर बघूनच सुटते. त्यात माझ्या अक्षरात केशवराव लिहिलं होतं. ते वाचलं असतं तर मला कोणी दोष दिला नसता. खांबही राहिला असता.

पंधरा नावं झाली. सोळाव्या ओळीवर मी थांबलो. पेन काढलं. पट्टी नव्हती, म्हणून रेघ वाकडी आली. माझ्या हातची तशी रेघ त्या रजिस्टरात दुसरी नाही. केशवराव हे नाव कापून मी खाली इश्वर लिहिलं, आणि बाजूला चंद्रकला.

"इश्वर," मी पुकारलं. "तर्फे चंद्रकला."

कोणी उठलं नाही. मी दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारायला तोंड उघडलं, तेव्हा पारीच्या खालून, जिथं बाया कपडे धुतात तिथून, ती वर चढत आली. पदर डोक्यावर. पायात चिखल. वर येऊन उभी राहिली.

"हजर," ती म्हणाली.

तुलारामनं केशवरावांना विचारलं, "पाणी सोडू न जी?"

केशवराव काठी मांडीवर आडवी ठेवून तलावाकडे बघत होते. "रजिस्टरात काय लिहून हाये ते मास्तरले इचार," ते म्हणाले. "मी मंजूर देऊन बसलो."

सोमवारी सकाळी त्यांनी नाहरकत मागं घेतली. मंजूर मागं घेता येत नाही, पण नाहरकत येते. ग्रामसेवक म्हणाला, नाहरकत मागं घ्यायचा नमुना नाही, तरी अर्ज घेतो. खांब उभारायला तीन दिवस लागले होते. काढायला तेच चौदा लोक आले आणि अर्ध्या तासात मोकळे झाले. काढताना त्यांनी मला सल्लेही दिले.

पुढच्या रविवारी दहा वाजता तरीही साठेक माणसं येऊन मुंग्या बघत बसली. दुसऱ्या रविवारीही आली. भिंतीपलीकडे केशवराव आपल्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, कान इकडं. त्यानंतरच्या बुधवारी ते आले. खाटेवर बसले. चहा घेतला.

"मास्तर, बांबू पडल्या पडल्या सडून जाईन."

"नाहरकत लागेल," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून कागद काढला. सही केलेली होती.

"अट?" मी विचारलं. या वेळी मी रजिस्टर आत ठेवून, दाराला कडी लावून आलो होतो.

"कायची अट, जी," केशवराव म्हणाले. "राणीचं काय झालं ते पाहू द्या." आणि बांबूचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं.

चंद्रकलेच्या दोन्ही बांध्या निसवल्या. माहेरी जायचं राहिलं. दिवाळीनंतर मंडईला सुमनची बहीण तुमसरहून आली. तिच्याकडे त्या रविवारी लाइट गेली नव्हती. तिनं चौदावा भाग पूर्ण पाहिला होता. हे कळल्यावर अंगण पुन्हा भरलं. केशवराव काठी टेकून पुढं बसले.

"राणी काय म्हणाली?" शकुनबाईंनी विचारलं.

"काही नाई," सुमनची बहीण म्हणाली. "नुसती रडली. मंग राजगुरू उठून तिच्या बाजूनं बोलले, आणि भासऱ्यानं शिक्का देला."

केशवराव तिच्याकडे, मग मागं बायांमध्ये बसलेल्या चंद्रकलेकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले.

"असं कसं?" ते म्हणाले. "मंग मी मंजूर कायले केलं?"

मी आत जाऊन वही आणली. यादी पूर्ण करायची राहिली होती. सत्तेचाळीस चुकांच्या खाली मी आणखी एक लिहिली, सगळ्यांना वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी यादी दिल्लीला पाठवून दिली. पत्राची पोचही आली नाही. वही अजून माझ्याजवळ आहे. शेवटची नोंद अशी:

'चूक अठ्ठेचाळिसावी. भाग चौदा. राणी भर दरबारात गप्प राहिली, असं दाखवलं आहे. हे खरं नाही. राणी बोलली. मी तिथे होतो.'